लिस्बन, चार तास बारा मिनिटं

विल्नियस, ९ सप्टेंबर २०१६

प्रिय दांगुते,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी एवढा आकडा वाच. तीन हजार एकशे बारा किलोमीटर. आपल्या विमानतळापासून तुझ्या विमानतळापर्यंत हवेतून इतकंच अंतर आहे. मी पुन्हा एकदा मोजलं. लहानपणीचा आपला तो पत्र्याचा पृथ्वीगोल आठवतो? तू आफ्रिकेवर बसली होतीस आणि सहारा आत गेला होता, तोच. तो अजून माझ्या स्वयंपाकघरात खिडकीशी आहे. त्यावर शिवणाचा लाल दोरा ताणून धरला की विल्नियसहून निघालेली रेघ ग्रोद्नो, पोझनान, लाइपझिश, फ्रँकफर्ट, लिमोज, बोर्दो अशी उतरत जाते, समुद्राचा एक कोपरा कापते, साल्मान्कावरून जाते आणि तुझ्यापाशी संपते. चहा गार होईपर्यंत मी त्या दोऱ्यावरून जाऊन येतो.

मला ऑगस्टअखेर निवृत्त केलं. एकतीस वर्षं मी एकच काम केलं. कुठलं शहर कुठल्या शहरापासून किती लांब आणि विमानाला किती वेळ लागेल, हे काढायचं आणि वेळापत्रकात लिहायचं. तेवढ्या काळात देश बदलला, कंपनीचं नाव तीनदा बदललं, माझी खुर्ची तेवढी तीच राहिली. आणि तुला माहीतच आहे, मी स्वतः कधीच विमानात बसलो नाही. स्तासे परवा म्हणाली, "रिमास, एकतीस वर्षं लोकांना उडवलंस आणि स्वतः ट्रॉलीबसमध्येसुद्धा दोन्ही हातांनी दांडी धरतोस!" आपल्या या मावसबहिणीनं सत्तरी गाठली, पण जीभ अजून विशीतलीच आहे.

आमच्या ऑफिसातला एक शब्द तुला कधी सांगितला नाही. विमानाला खरे चार तास बारा मिनिटं लागत असतील तर आम्ही छापायचो चार पस्तीस. वरच्या तेवीस मिनिटांना आम्ही 'लाशिन्याय' म्हणायचो. काळ्या पावावर आपण खारवलेल्या चरबीचा जाड काप ठेवतो ना, तसा तो वेळेवर ठेवलेला काप. धुकं आलं, वारा समोरून आला, कोणी प्रवासी बाथरूममध्ये अडकला, तरी विमान वेळेवर. आणि यातलं काहीच झालं नाही तर विमान वेळेआधी पोचतं आणि लोक टाळ्या वाजवतात. माझ्याइतका चांगला काप कोणाला घालता येत नसे. मला त्याचा अभिमान होता.

शेवटच्या दिवशी माझ्यापुढे एकच ओळ राहिली होती. ऑक्टोबरच्या शेवटी हिवाळी वेळापत्रक सुरू होतं, त्यात विल्नियस ते लिस्बन सरळ विमान आहे. पहिल्यांदाच. दर मंगळवारी आणि शनिवारी. मी लिहिलं, सुटणार एक चाळीसला, पोचणार तिथल्या घड्याळात तीन बावन्नला. आमच्या साहेबीणबाई वाल्दोने यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"रिमास, चरबी कुठे गेली? उपास धरलायस का?"

"एकदा तरी खरी वेळ छापून येऊ दे," मी म्हटलं.

"लिस्बनला? पश्चिमेकडे? हिवाळ्यात, वारा समोरून असताना? अरे, रोज उशीर होईल!"

"होऊ दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग केककडे पाहिलं. त्या दिवशी माझ्यासाठी केक आणलेला होता. म्हणाल्या, "जा. तुझी शेवटची ओळ म्हणून ठेवते. उन्हाळ्यात मी दुरुस्त करीन."

म्हणून लिहितोय. यंदाच्या कूच्योसला तू ये. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिला तारा दिसला की जेवायला बसू, पूर्वीसारखं. बारा पदार्थ मी करीन, बीट जरा जास्त शिजेल तेवढंच. मला तुला समोर बसवून काही सांगायचं आहे. ते पत्रात मावत नाही.

तुझा
रिमास


विल्नियस, ५ ऑक्टोबर

प्रिय दांगुते,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. दर डिसेंबरात मी तुला चर्चमधून आणलेला तो नाताळचा पिठाचा पापुद्रा अर्धा मोडून पाठवतो आणि उरलेला अर्धा इथे खातो. नऊ वर्षं झाली. पाकीट परत येत नाही, यावरून पत्ता बरोबर आहे एवढं कळतं.

आज चमच्याचं बोलून टाकतो.

आई गेली त्या वर्षीचं कूच्योस. आईच्या ताटात मेणबत्ती लावली होती, चमचा ठेवला नव्हता. गेलेल्या माणसाचं ताट असंच मांडायचं, आत्मे येतात पण जेवत नाहीत, हे तिनंच आपल्याला शिकवलं. आणि लांब असलेल्या जिवंत माणसाचं ताट चमच्यासकट मांडायचं, कारण त्याला कधी ना कधी येऊन जेवायचं आहे, हेही तिनंच शिकवलं. तुझं ताट मी आईच्या शेजारी मांडलं. स्तासेनं टेबलाचा फोटो काढून तुला पाठवला, तिला वाटलं तुला बरं वाटेल. पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. एकच ओळ. "रिमास, माझ्या ताटाला चमचा नव्हता. समजले."

अगं, चूक होती ती. आईचे सहा चांदीचे चमचे, कूच्योसला तेच काढायचे, दुसरे नाहीत. स्तासे, तिचा नवरा, त्यांच्या दोन नाती आणि मी, पाच झाले. सहावा तुझा. तो सहावा ड्रॉवरमध्ये नव्हता. स्तासे म्हणाली, "स्टीलचा ठेव ना, दांगुतेला काय दिसणार आहे तिकडून?" मी म्हटलं, कूच्योसला स्टील नको. तेवढ्यात पोरी ओरडल्या, तारा आला, तारा आला, आणि आम्ही बसलो. तुला मेलेल्यांत काढण्याचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आता यावर तू म्हणशील, मग लगेच का नाही लिहिलंस? लिहायला हवं होतं. पण चमच्याचं सांगायचं तर तो कुठे होता ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर त्या आठवड्याचं. आठवडा तरी कुठे होता तो. जाऊ दे.

काल दुपारी झोप लागली त्यात विमान पाहिलं. आत कोणी नव्हतं, फक्त आपलं जेवायचं टेबल होतं आणि ते फार सावकाश पश्चिमेकडे चाललं होतं. ढगांवर टेबलाची सावली पडलेली मला दिसत होती. मी खाली दफनभूमीपाशी उभा राहून हिशेब करत होतो की टेबलाला किती वेळ लागेल, आणि दर वेळी उत्तर चुकत होतं.

तुझा
रिमास


विल्नियस, २ नोव्हेंबर

प्रिय दांगुते,

काल सर्व संतांचा दिवस, मेलेल्यांच्या वेलिनेसच्या आदला. यंदा तो मंगळवारी आला. सकाळपासून सगळं शहर मेणबत्त्या घेऊन टेकडीवर चालत होतं. स्तासे आणि मी दीडच्या सुमारास आईपाशी पोचलो. मॅपलची पानं झाडली, काच पुसली, चार मेणबत्त्या लावल्या. दिवसा त्यांचा उजेड दिसत नाही, पण हात जवळ नेला की ऊब लागते. मी एकदा घड्याळाकडे, एकदा आकाशाकडे बघत होतो.

"घड्याळ काय बघतोस? आईला कुठे जायचंय?" स्तासे म्हणाली.

"एक चाळीसला लिस्बनचं विमान सुटतं. आज पहिलंच."

"अरे देवा! इथेसुद्धा ऑफिस?"

आणि ते आलं. नाउयिनिंकायच्या छपरांवरून उचललं गेलं आणि थेट आमच्या डोक्यावरून, इतकं खाली की पोटावरची अक्षरं वाचता आली. मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम आडव्या झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. सगळ्या टेकडीनं मान वर केली. स्तासेनं क्रूसाची खूण केली आणि मग अगदी सहज म्हणाली, "दांगुतेचा फोन आला होता मागच्या आठवड्यात."

मी खाली बसलो. ओल्या गवतातच बसलो.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, रिमास अजून बुटाची नाडी दोनदा बांधतो का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तीनदा. म्हातारा झालाय." मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती पत्रं वाचते, रिमास. तू जे कुरवाळत बसला आहेस ते एकदाचं लिहून टाक. थडग्यापाशी बसून लिस्बनला पोचत नाही."

म्हणून लिहितो. समोर बसवून सांगेन म्हणालो होतो, पण तू समोर येशील ही आशा धरून गप्प राहणं हीसुद्धा माझी जुनीच लबाडी आहे.

त्या मार्चमध्ये, सोमवारी सकाळी, डॉक्टरीणबाई आईला तपासून स्वयंपाकघरात आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "दोन दिवस. फार तर तीन. मुलीला बोलवा." दुपारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "रिमास, किती वेळ आहे? आज निघू का?" तेव्हा सरळ विमान नव्हतं. मधे बदलून, थांबून, सगळं धरून नऊ तास. त्याच दिवशी निघाली असतीस तर मंगळवारी दुपारी आईपाशी असतीस. मी म्हटलं, "आठवडाभर तरी आहे. घाई नको. शनिवारी ये."

दांगुते, मी त्यात चरबी घातली. एकतीस वर्षांत घातलेला सगळ्यात जाड काप तो. आई गुरुवारी पहाटे गेली. तू शनिवारी दुपारी आलीस, पिशवीत संत्री घेऊन, आणि दारातच तुला कळलं. माझ्या गळ्यात पडून तू म्हणालीस, "डॉक्टरांचं काय खरं असतं!" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिलो.

का केलं, हे तू विचारणारच. मी तिला सात वर्षं सांभाळलं. धुतलं, कुशीवर वळवलं, त्या सहाव्या चमच्यानं भरवलं. शेवटी शेवटी ती दुसऱ्या कशानंच तोंड उघडत नसे. आणि सोमवार ते बुधवार ती एकच विचारत होती, "दांगुते आली का?" मी मोजत होतो, मला मोजल्याशिवाय राहवतच नाही. अकरा वेळा. एकदाही 'रिमास' नाही, कारण मी तर तिथेच होतो. मला असूया वाटली. वाटलं, निदान शेवटचे तीन दिवस तरी आई माझी असू दे. तू आली असतीस तर तिनं माझ्याकडे पाहिलंही नसतं. सदुसष्टाव्या वर्षी हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

तो चमचा मी त्याच गुरुवारी धुऊन रुमालात गुंडाळून माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवला. टेबलावर काढायची छाती झाली नाही. म्हणून तुझ्या ताटाला चमचा नव्हता.

आता सगळं सांगून झालं. यानंतर तू कधीच लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

रिमास


विल्नियस, २२ नोव्हेंबर

दांगुते,

आज मंगळवार. विमान गेलं. मी खिडकीतून ऐकलं आणि घड्याळ लावून बसलो. अडीच वाजता म्हटलं, आता पोझनान. तिथे पाऊस पडत असेल. साडेतीनला फ्रँकफर्टच्या आसपास. मग भांडी घासली आणि पुन्हा बसलो तोवर बोर्दो आलं होतं, खाली द्राक्षांचे मळे, आता नुसत्या काड्या. पाच बावन्नला इथे मिट्ट काळोख झाला होता आणि तुझ्याकडे दुपार होती. मी अंधारात बसून तुझ्या दुपारीत उतरलो. दारं उघडली, लोक वरच्या फळीवरच्या बॅगा काढू लागले आणि मी एकटाच बसून राहिलो, कारण मला न्यायला कोणी आलं नव्हतं. स्तासेनं दिवा लावला तेव्हा मी दचकलो.

"कुठे होतास?" तिनं विचारलं.

"उतरत होतो."

"उतर बाबा, पण आधी सूप पी."

जाताना वारा समोरून येतो, म्हणून तुझ्याकडे यायला वेळ जास्त लागतो. परत येताना तोच वारा पाठीशी असतो आणि वीस मिनिटं वाचतात. इतकी वर्षं मी हे कोष्टकात लिहीत आलो आणि मला ते कधी विचित्र वाटलं नाही. आता वाटतं.

स्तासे म्हणते, नुसती बोलावणी काय पाठवतोस, तूच जा. मी म्हटलं, मी? तिनं फक्त पृथ्वीगोलाकडे बोट केलं.

तर विचारतो. मी येऊ का? शनिवारी चोवीस डिसेंबरचं विमान आहे. तू 'नको' म्हणालीस तर मी तिकीट काढणार नाही. पण तू काहीच म्हणाली नाहीस तर काय करायचं ते मला कळत नाही. या वेळी गप्प राहून मला टांगून ठेवू नकोस.

रिमास


लिस्बन, ५ डिसेंबर

रिमास,

चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसले, दुसरं वाचून चिडले, मग चौथं उघडलं आणि तिसरं शेवटी. पोस्टानं ती कशाही क्रमानं आणून टाकली. तुझ्या कंपनीसारखंच काम.

तिसरं पत्र वाचून मी दोन दिवस कारखान्यात नुसता घोळ घातला. आम्ही जुन्या घरांच्या भिंतींवरच्या तुटक्या फरशा जुळवतो, हे तुला माहीत आहे. निळ्या रंगाच्या सोळा छटा आहेत आणि मी सगळ्यांची सरमिसळ केली. आमच्या म्होरक्या डोना इद्दालिना म्हणाल्या, "दांगुते, घरी जा, नाहीतर तू अख्ख्या सतराव्या शतकाचा सत्यानाश करशील."

घरी आले आणि आता लिहायला बसले आहे. तू खरं सांगितलंस, म्हणून मलाही सांगावं लागणार. तुझा हा सगळ्यात मोठा छळ आहे.

त्या सोमवारी तू आठवडा म्हणालास. मी फोन ठेवला आणि लगेच डॉक्टरीणबाईंना लावला. त्यांनी मला तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं. "आज निघा, बाई." मी बॅग भरली. संत्रीसुद्धा सोमवारचीच होती, रिमास, शनिवारपर्यंत त्यातली दोन नरमली होती, तुझ्या लक्षात आलं नाही. बॅग दाराशी ठेवली आणि पलंगावर बसले. संध्याकाळ झाली, तरी बसून राहिले.

मी लिस्बनला निघाले त्या दिवशी बसस्टँडवर आई मला काय म्हणाली होती ते तू ऐकलं नव्हतंस, तू सामान चढवत होतास. ती म्हणाली, "जातेस ना? मग परत तोंड दाखवू नकोस." त्यानंतर सात वर्षं मी फोन केला की ती दोन शब्द बोलायची आणि रिसीव्हर तुला द्यायची. मला वाटलं, मी दारात उभी राहीन आणि ती शेवटच्या श्वासानं तेच म्हणेल. ते ऐकून मला उरलेलं आयुष्य काढता आलं नसतं. मंगळवारी म्हटलं उद्या, बुधवारी म्हटलं उद्या. आणि दर वेळी स्वतःला सांगत होते, रिमास म्हणाला ना आठवडा आहे म्हणून. तुझा तो चरबीचा काप मी चवीनं खाल्ला. तू घातला नसतास तर मी मागून घेतला असता.

मग तो फोटो आला. मला रागाला एक खुंटी हवी होती, आणि तो चमचा आयता मिळाला. नऊ वर्षं मी सगळं त्याच्यावर अडकवलं.

पण खरं लिहायचं ते पुढेच आहे. तू लिहिलंस की आईनं अकरा वेळा विचारलं. तुला वाटलं तू मला तुझं पाप सांगतोयस. अरे मूर्खा, तू मला काय सांगितलंस ते तुला कळलं तरी का? नऊ वर्षं मी समजत होते की ती माझ्यावर रागावून गेली. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अकरा वेळा. तू मोजलंस, म्हणून मला आकडा मिळाला. दुसऱ्या कोणी नुसतं 'आठवण काढत होती' म्हटलं असतं आणि माझा विश्वास बसला नसता.

मी चिडलेली आहेच. तू मला तीन दिवसांना मुकवलंस आणि मी स्वतःला मुकवलं, दोघांवरही चिडलेली आहे. ते बहुधा जाणार नाही. ते धरूनच जेवू.

ये. हेरिंग आणू नकोस, इथे माशांना तोटा नाही. खसखस आण, इथली जुनाट असते. स्तासेकडून मूठभर वाळलेलं गवत घे, टेबलाच्या कापडाखाली घालायला. यंदा पापुद्रा मोडून पाठवू नकोस, अख्खा आण, समोरासमोर मोडू. मागचे नऊ अर्धे मी बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत. खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत.

इथले लोक नाताळच्या आदल्या दिवशी जेवून झालं की मेलेल्यांसाठी टेबल तसंच मांडून ठेवतात, चमच्यांसकट. यांच्याकडे मेलेले जेवतात. मी म्हणते, यंदा आईलाही चमचा ठेवू. तोच ठेवू. आण तो.

आणि विमानात बुटाची नाडी एकदाच बांध. खिडकीकडची जागा घे.

दांगुते


विमानात, २४ डिसेंबर

दांगुते,

समोरच्या खिशात उलटीची कागदी पिशवी होती, तिच्यावरच लिहितोय. घाबरू नकोस, ती कोरीच आहे.

स्तासे दारापर्यंत सोडायला आली होती. गवताचं पाकीट माझ्या कोटात कोंबत म्हणाली, "कोणी विचारलं तर सांग, वाटेत चरायला घेतलंय." तपासणीत मात्र गवत कोणी पाहिलं नाही, अडलं चमच्यावर. वर्दीतल्या बाईंनी रुमाल सोडला आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आईचा आहे. कूच्योसला बहिणीकडे चाललोय." त्यांनी रुमालाची घडी माझ्यापेक्षा नीट घातली आणि परत दिला.

उडताना मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा टेकडी खाली होती, दफनभूमीतल्या मेणबत्त्या दिसल्या असं मला वाटलं, पण इतक्या उंचीवरून त्या दिसणं शक्य नाही. मग ढग आले. शेजारचा पोर्तुगीज गृहस्थ झोपला आणि मी एकेक गाव मोजू लागलो. पोझनान ढगाखाली गेलं, फ्रँकफर्टही गेलं. गंमत म्हणजे दोरा कुठेच दिसत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, वरून दिसत असेल.

बोर्दोपाशी ढग संपले. आणि तुला सांगतो, सूर्य तिथेच होता. आम्ही त्याच्या मागे मागे चाललो होतो, म्हणून तो मावळायला तयारच नव्हता. विल्नियसमध्ये केव्हाच अंधार पडला असेल, तारा उगवला असेल, स्तासेकडे ताटं मांडली असतील. माझ्या मांडीवर अजून ऊन होतं. माझ्या हातांवर इतका वेळ ऊन कधी पडलं नव्हतं.

आता चार तास बारा मिनिटं झाली. तीन बावन्न वाजून गेले. आम्ही पोचलेलो नाही. समोरून जोराचा वारा होता, आणि आता कॅप्टन म्हणतोय की खाली गर्दी आहे, समुद्रावर दोन फेऱ्या माराव्या लागतील. एकोणीस मिनिटं उशीर. शेजारचा गृहस्थ जागा झाला आणि चिडून म्हणाला, "कोण बनवतं ही वेळापत्रकं?" मला भाषा येत नाही, पण एवढं समजलं. मी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

वाल्दोने बरोबर बोलत होत्या. एकदाच खरी वेळ छापली आणि तुलाच पुन्हा तिष्ठत ठेवलं. तू खाली उभी असशील, पायावर पाय बदलत, मला शिव्या घालत. घाल. मी सगळ्या ऐकणार आहे.

शहर तिरकं होऊन वर आलं. पांढरी घरं, लाल कौलं, नदी समुद्रात मिसळते तिथे नुसतं सोनं. मी घड्याळ दोन तास मागे लावलं. मग आकाशात शोधलं, उजवीकडे, डावीकडे, विमानाच्या पंखापलीकडे. तारा अजून उगवलेला नाही, दांगुते. जेवायला वेळ आहे.

चाकं टेकली. चमचा वरच्या खिशात आहे. ही पिशवी तुझ्या हातातच देतो.

रिमास